हिंगोलीचे ठग दहशतवादी होते काय?

निजामाच्या राज्यातील हिंगोली हे लष्करी छावणीचे ठाणे होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच गावातला हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी ठगांच्या टोळीचा म्होरक्या निघाला. निजामाच्या सेवेतील इंग्रज अधिकारी मेडोज टेलर यांनी आपल्या १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत नोंदविल्याप्रमाणे, दुसऱ्या व्यापाऱ्याचे कापड मुंबईहून निघाल्याचे ठाऊक असताना हरिसिंगाने कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडून त्या मालाचा परवाना मिळविला, त्या व्यापाऱ्याला नोकरचाकरांसह ठार केले आणि ते कापड छावणीत राजरोस विकले. त्याच्या टोळीने मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आत मारलेल्या इतर माणसांची प्रेते पहारेकऱ्यांपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरलेली होती, तरी अटकेनंतर त्याने कबुली देईपर्यंत कापडाच्या प्रकरणाचा कोणाला थांगपत्ता नव्हता.

इतके क्रौर्य असूनही या हत्यांना दहशतवाद म्हणता येत नाही. वाटसरूंशी सलगी करावी, रुमालाने गळा आवळावा आणि प्रेत पुरून टाकावे, ही ठगांची रीत गुप्ततेवर उभी होती, कारण बोभाटा झाला असता तर वाटसरू सावध होऊन लूटच बंद पडली असती. दहशतवाद्याला मात्र बोभाटाच हवा असतो. मरणारे मोजके असतात, पण त्यांच्या मरणातून जिवंत राहिलेल्या समाजाला किंवा सरकारला नमविण्याचा हेतू असतो. या कसोटीवर १९४७-४८ मधील निजामसमर्थक सशस्त्र रझाकारांचे अत्याचार दहशतवादाच्या अधिक जवळ येतात, कारण त्यांत लूटमार असली तरी हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावे अशी मागणी करणाऱ्या प्रजेला धाकात ठेवणे हे त्यांमागचे राजकीय प्रयोजन होते.

भारतीय कायदाही हेतूकडे पाहतो, परंतु त्याचे शब्द अधिक व्यापक आहेत. बेकायदा कृत्ये प्रतिबंध अधिनियम, म्हणजेच ‘यूएपीए’, १९६७ चा असला तरी त्यात दहशतवादी कृत्यांचे प्रकरण २००४ मध्ये आले. देशाची एकात्मता, सुरक्षा वा सार्वभौमत्व धोक्यात आणण्याच्या, अथवा लोकांत दहशत पसरविण्याच्या हेतूने स्फोटके, शस्त्रे आदींचा वापर करून केलेले कृत्य त्यात मोडते. शिवाय तसा परिणाम होण्याची शक्यता असणेही पुरेसे ठरते. भारतीय न्याय संहितेचे कलम ११३ याच धर्तीचे आहे. आर्थिक लाभासाठी चालणाऱ्या टोळ्यांसाठी महाराष्ट्रात १९९९ पासून ‘मकोका’ हा स्वतंत्र कायदा आहे.

‘शक्यता’ या शब्दामुळे सीमारेषा पुसट होते, म्हणूनच ‘टाडा’ या तत्कालीन दहशतवादविरोधी कायद्याखालील महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये दिलेला इशारा महत्त्वाचा आहे: प्रत्येक दहशतवादी गुन्हेगार असू शकतो, पण प्रत्येक गुन्हेगाराला दहशतवादी ठरविता येत नाही, आणि गुन्ह्यापाठोपाठ ओघाने पसरलेली भीती हा पुरावा पुरेसा नाही. हा भेद केवळ शास्त्रार्थापुरता नाही. ‘यूएपीए’खाली आरोप सकृद्दर्शनी खरा वाटल्यास जामीन नाकारला जातो आणि आरोपी निकालापूर्वीच वर्षानुवर्षे कोठडीत राहू शकतो. खुनासाठी फाशीपर्यंतची शिक्षा सामान्य कायद्यातही आहे, त्यामुळे एखाद्या भीषण गुन्ह्याला दहशतवाद न म्हटल्याने त्याचे गांभीर्य उणावत नाही.