पोटाचे ऑपरेशन, मनगटावर नोंद

आर्वी किंवा कारंजा (घाडगे) भागातल्या एखाद्या गावातून रात्री दोन वाजता पस्तिशीतली बाई पोट धरून सरकारी दवाखान्यात येते, असे समजा. कळ येते, जाते, पुन्हा येते. पोट हाताला मऊ लागते. एक्स-रेमध्ये विशेष काही नाही. सोबत सासू आणि दीर. "आधी काही ऑपरेशन झाले आहे का?" या प्रश्नावर सासू म्हणते, "हर्नियाचे झाले होते, लहानसे." बाई गप्प राहते. ड्यूटीवरचे डॉक्टर अ‍ॅसिडिटीचे औषध आणि दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकची सुई लिहून देतात. जे सांगितले गेले, त्यावर उपचार झाला.

न सांगितलेली गोष्ट अशी, की लग्नाच्या आधी या बाईने मोठ्या शहरात जाऊन वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे गॅस्ट्रिक बायपास, करून घेतली होती. हे ऑपरेशन दुर्बिणीतून होते. पोटावर चार-पाच लहान व्रण राहतात आणि पित्ताशयाच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनचे व्रणही साधारण तसेच दिसतात. बाहेरून पाहून आतला बदल ओळखू येत नाही.

आतला बदल मात्र मोठा असतो. बायपासमध्ये जठराचा वरचा जेमतेम तीस मिलिलिटरचा भाग, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी, वेगळी करून थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न तिकडे जात नाही. 'स्लीव्ह' या दुसऱ्या प्रकारात जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. दोन्हींत माणूस बरा होतो, मधुमेह आटोक्यात येतो, गुडघे सुटतात. पण रात्री अडीअडचणीला आला, की नेहमीचे उपचार त्याला जसेच्या तसे चालत नाहीत.

दुखण्याची सुई हेच उदाहरण घ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधे बायपासच्या जोडावर व्रण पाडू शकतात. तो फुटलाही किंवा त्यातून रक्तस्रावही झाला, असे घडते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अंगदुखीच्या गोळ्यांतही हीच औषधे असतात. पॅरासिटामॉल चालते. दुसरी गोष्ट नाकातून पोटात घालायच्या नळीची, म्हणजे रायल्स ट्यूबची. विषबाधा, बेशुद्धी, सततच्या वांत्या अशा रुग्णाला ती घालणे हे आपल्या दवाखान्यांत रोजचे काम. नेहमीच्या जठरात ती सहज जाते. बायपासच्या इवल्याशा पिशवीत अंदाजाने सरकवली, तर भिंतीला किंवा जोडाला भोक पडण्याची भीती असते. तिथे एन्डोस्कोपी किंवा एक्स-रेच्या मदतीने, अनुभवी हातांनीच ती घालावी लागते.

वर सांगितलेल्या बाईची कळ आणखी वेगळ्या कारणाची असू शकते. वजन उतरले की आतड्यांच्या पडद्यातली चरबी वितळते, ऑपरेशनच्या वेळी राहिलेल्या फटी रुंदावतात आणि त्यात आतडे अडकते. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसतो. सीटी स्कॅन आणि सर्जन वेळेत मिळाले नाहीत, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. गरोदरपणात हा धोका वाढतो. 'बायपास झाला आहे' हे एक वाक्य कळले असते, तर हीच रुग्ण रात्रीच १०८ मध्ये बसून सेवाग्राम किंवा सावंगीकडे निघाली असती.

सलाईनचेही तसेच. वांत्यांनी गळून गेलेल्या माणसाला "एक बाटली लावून द्या" हा आपल्याकडचा आग्रह जुना. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत वांत्या लागल्या, तर शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा, साठा संपत आलेला असतो. अशात थायमिन न देता ग्लुकोजची बाटली लावली, की मेंदूवर परिणाम होऊ शकतो. डोळे तिरके होतात, तोल जातो, विसरभोळेपणा येतो आणि तो कधी कधी कायमचा राहतो. थायमिनचे इंजेक्शन स्वस्त असते. ते आधी द्यायचे, हे मात्र कुणाला तरी सुचावे लागते.

आणि वर्धेपुरती एक खास अडचण. बायपासनंतर वर्ष-दोन वर्षांनी काही जणांना गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांत रक्तातली साखर एकदम उतरण्याचा त्रास सुरू होतो. गोरसपाकाचे चार तुकडे एकदम खाल्ले, हेही निमित्त पुरते. घाम, थरथर, अडखळती जीभ, झोकांड्या. गांधी-विनोबांच्या नावाने दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात बसस्टँडवर झोकांड्या देणाऱ्या माणसाबद्दल लोक काय म्हणतील, हे सांगायला नको. बोटाच्या टोकावरचा एक थेंब रक्त तपासला, तर खरे दोन मिनिटांत कळते. तो तपासावा असे वाटायला मनगटावरचा मजकूर उपयोगी पडतो.

ही कल्पना अमेरिकेतली. कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावच्या डॉ. मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीला १९५३ मध्ये धनुर्वाताच्या अँटिटॉक्सिनची (प्रतिविषाची) केवळ चाचणी घेताना जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी आली. त्यातून १९५६ मध्ये 'मेडिकअलर्ट' संस्था उभी राहिली. बोलता न येणाऱ्या माणसाच्या वतीने धातूची पट्टी बोलते, इतकाच तिचा अर्थ.

आपल्याकडे प्रश्न पट्टीचा कमी, लपवण्याचा जास्त आहे. लठ्ठपणाचे ऑपरेशन म्हणजे 'आळशी माणसाची पळवाट' हा समज अजून गेलेला नाही. नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. तरी सोयरिकीच्या बोलण्यात हा विषय निघाला की घर गप्प होते. ज्यांना कडे घालून चारचौघांत मिरवायचे नाही, त्यांनी किमान पाकिटात आधार कार्डामागे एक चिठ्ठी ठेवावी आणि मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरून उघडणाऱ्या आपत्कालीन माहितीत नोंद करावी. डॉक्टरांनीही, शक्य तेव्हा, नातेवाइकांना बाहेर बसवून रुग्णाला एकट्याने विचारावे.

पट्टीवर 'वजनाचे ऑपरेशन' असे मोघम लिहून भागत नाही. बायपास की स्लीव्ह आणि कोणत्या वर्षी, हे हवे. कारण दोन्हींची पथ्ये सारखी नाहीत. स्लीव्हमध्ये नळीची भीती मुख्यतः सुरुवातीच्या काही आठवड्यांची असते. खाली 'नाकातून नळी अंदाजाने घालू नये, डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन देऊ नये, ग्लुकोजआधी थायमिन' आणि घरच्या एकाचा फोन. मजकूर इंग्रजीत ठेवलेला बरा, म्हणजे १०८ चा डॉक्टर कुठलाही असला तरी वाचू शकेल. जुन्या मधुमेही फायलीतला इन्सुलिनचा डोस मात्र कुठेही लिहू नये. ऑपरेशननंतर तो बहुधा पुष्कळ कमी झालेला असतो.

त्यासाठी परदेशातून काही मागवायची गरज नाही. लग्नाच्या भांड्यांवर नाव कोरून देणारा दुकानदार स्टीलच्या साध्या कड्यावर हा मजकूर दहा मिनिटांत कोरून देतो. रक्तदाबासाठी तांब्याचे कडे हौसेने घालणाऱ्यांच्या मनगटावर त्याला जागा सहज होईल, आणि याचा उपयोग त्या तांब्याहून नक्कीच जास्त आहे.