तुमच्या घरचं एक शीत

दुपारचे अडीच वाजलेले असतात. ओटा आवरून, जरा पाठ टेकावी म्हणून तुम्ही चटई अंथरलेली असते, आणि नेमकी तेव्हाच बेल वाजते. दारात एक मुलगी उभी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, उन्हानं चेहरा लाल झालेला. "काकू, सरकारी पाहणी आहे. घरखर्चाची माहिती हवी होती."

अशा वेळी तुम्ही काय करता? खरं सांगा हं! मी काय केलं ते आधी सांगते. "शेजारच्या काकूंकडे जा बाई, त्यांना वेळ असतो," असं म्हणून मी दार लोटायला निघाले होते. ती मुलगी हसली आणि म्हणाली, "शेजारचं घर चालणार नाही, काकू. तुमचंच घर निघालंय."

निघालंय म्हणजे काय? लॉटरीत निघतं तसं? हो, जवळजवळ तसंच. पण ते मला नंतर कळलं. तेव्हा मी नाइलाजानं तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि पटापट उत्तरं द्यायला बसले. भाजीला आठवड्याचे किती? "असतील दीडएकशे." फळं? "क्वचित." बाहेरचं खाणं? "छे, आमच्याकडे कुणी बाहेरचं खात नाही." आदल्याच संध्याकाळी आमचे हे बटाटेवडे घेऊन आले होते, त्याचा तेलकट कागद अजून केराच्या डब्यात होता! थोडा कंटाळा म्हणून, आणि थोडी भीती म्हणूनही मी सगळे आकडे कमीच सांगितले. खर्च जास्त दिसला तर उद्या रेशनकार्डावर कुणी काट मारायचं, ही आपली धास्ती.

ही गोष्ट २०२३ च्या जानेवारीतली. ती मुलगी गेल्यावर मात्र मनाला एक चुटपुट लागली. माझंच घर का? आणि एवढ्या मोठ्या देशात माझ्या एका घरच्या भाजीनं कुणाचं काय अडणार आहे? तेव्हापासून जमेल तसं वाचत गेले, आणि वाचता वाचता लक्षात आलं की शाळेत ज्या गणिताला आपण नमस्कार करून मोकळ्या झालो, त्यातलं बरंच मोठं गणित आपल्याच ओट्याभोवती फिरतंय.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पातेलं चार माणसांचं असो की लग्नघरातलं हंडाभर असो, बोटांत धरून दाबायला दोनचार शितंच लागतात. हंडा मोठा म्हणून आपण वाटीभर भात चिवडत बसत नाही. संख्याशास्त्रातला एक मोठा सिद्धान्त नेमका हेच सांगतो. नमुना किती विश्वासाचा, हे मुख्यतः नमुना केवढा आहे यावर ठरतं. हंडा केवढा आहे यावर फारसं नाही. 'तुमच्या घरी अमुक वस्तू आहे का?' असा हो-नाहीचा प्रश्न नीट निवडलेल्या हजार घरांत विचारला, तर उत्तर बहुतेक वेळा खऱ्याच्या तीन टक्के अलीकडे-पलीकडे येतं. मग ती हजार घरं एका जिल्ह्यातली असोत की अख्ख्या देशातली. ही चूक निम्मी करायची तर मात्र घरं दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागतात. हजाराची चार हजार, तेव्हा कुठे दीड टक्का. इथे वर्गमूळ आडवं येतं.

पण आपण शीत काढायच्या आधी काय करतो? भात खालीवर करतो. वरचं शीत शिजलेलं आणि तळाचं करपलेलं, असं होऊ शकतं ना? हे खालीवर करणं गणितात चिठ्ठ्या टाकून होतं. आधी गावांच्या आणि शहरी वस्त्यांच्या याद्यांतून काही निवडायच्या, मग त्यांतली घरं निवडायची, तीही यदृच्छेनं, म्हणजे कुणाच्याही मर्जीविना. एकदा घर निघालं की ते सोडून सोयीचं शेजारचं घर धरलं, तर ढवळणं फुकट. कारण दुपारी घरात सापडणाऱ्या, हसून दार उघडणाऱ्या, वेळ असणाऱ्या बायकांचाच नमुना तयार होईल. नोकरीवर गेलेली, शेतावर गेलेली, किंवा माझ्यासारखी दार लोटणारी त्यातून गळेल. ती मुलगी उन्हात माझ्याच दाराशी का अडून बसली, याचं उत्तर एवढंच.

आपल्या देशात हे शास्त्र रुजवलं ते प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी. मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९३१ साली कलकत्त्याला त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था काढली, आणि पुढे बंगालमधल्या तागाचं पीक किती, हे सगळी शेतं न मोजता नमुन्यावरून काढून दाखवलं. स्वातंत्र्यानंतर १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तिच्यामागेही तेच होते. त्यांची एक युक्ती मला फार आवडली. एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने, दोन वेगळ्या तुकड्यांकडून घ्यायचे आणि मग उत्तरं ताडून पाहायची. वाळवणातले पापड दोघी जावांनी वेगवेगळे मोजावेत, तसं! आकडे जुळले तर ठीक, नाही तर कुणीतरी डुलकी काढली.

आणि या शास्त्रात आपला मराठी माणूसही मागे नव्हता बरं का. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) यांचा महालनोबीसांशी मोठा वाद झाला, तो चौकटीच्या आकारावरून. पिकाचा अंदाज घ्यायला शेतात एक छोटी चौकट आखून तेवढंच कापायचं. सुखात्मे म्हणाले, चौकट फार लहान घेतलीत तर उत्तर फुगतं. का? तर कडेवर जे रोप येतं, ते आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. चौकट जितकी लहान, तितकी तिच्या मानानं कड जास्त, आणि तितकी चूक मोठी. भाजीवालीनं जुडीत दोन काड्या वरून घातल्या तर आपण नको म्हणतो का? मनुष्यस्वभावच तो.

हा कडेचा प्रश्न लक्षात ठेवा, कारण तोच पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात येतो.

'गेल्या तीस दिवसांत भाजीला किती गेले?' आणि 'गेल्या सात दिवसांत किती गेले?' या दोन प्रश्नांची उत्तरं हिशेबानं जुळायला हवीत, नाही का? सातवरून तीसवर न्यायला त्रैराशिक पुरे. पण जुळत नाहीत. महिन्याचं विचारलं की आपण विसरतो. मधेच घेतलेली कोथिंबीर, पाहुणे आले म्हणून आणलेला पावशेर चिवडा, मुलांच्या हातावर ठेवलेले दहा रुपये, सगळं गळून जातं. आठवड्याचं विचारलं की उलटी गंमत होते. नऊ दिवसांपूर्वी आणलेले आंबे 'परवाच तर आणले' म्हणून सातांत येऊन बसतात. हे कडेवरचं रोप आत ओढणंच की!

यावरून केवढं रामायण घडलं ते बघा. १९९४ ते १९९८ च्या दरम्यान राष्ट्रीय नमुना पाहणीनं निवडलेली घरं चिठ्ठ्या टाकूनच दोन गटांत वाटली. एका गटाला जुन्या पद्धतीचा तीस दिवसांचा प्रश्न. दुसऱ्याला खाण्यापिण्याचा सात दिवसांचा, आणि कपडेलत्ते, भांडीकुंडी यांचा वर्षाचा. घरं तशीच, महागाई तीच, दारिद्र्यरेषाही तीच. तरी नव्या प्रश्नांनी खर्च इतका जास्त दिसला की गरिबांची संख्या जवळजवळ निम्मी व्हावी! कोट्यवधी माणसं गरीब आहेत की नाहीत, हे बायकांना महिना आठवतो की आठवडा, यावर येऊन ठेपलं. मग १९९९-२००० च्या पाहणीत खाण्याचे दोन्ही प्रश्न एकाच घरात विचारले गेले. तुम्ही-आम्ही काय करू? आठवड्याचं सांगितल्यावर मनातल्या मनात चारानं गुणून महिन्याचं जुळवून देऊ. तसंच झालं असावं, असं जाणकारांचं म्हणणं पडलं. मग गरिबी खरोखर किती घटली, यावर पुढे कितीतरी वर्षं वाद चालला. या वादात भाग घेणारे अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, ते उपभोग आणि दारिद्र्य यांच्या अभ्यासासाठीच.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली ती ही. एक बाई जास्त सांगते, दुसरी कमी सांगते, तर लाखो घरांच्या बेरजेत ते फिटून जातं. पण सगळ्याच जणी एकाच बाजूला विसरल्या, तर दोन लाख घरं विचारा नाही तर वीस लाख विचारा, चूक तशीच्या तशी राहते. वर्गमूळ तिथे हात टेकतं. मीठच मोजायला विसरलेली आमटी कितीही ढवळली तरी अळणीच.

आता सात दिवस कशाचे आणि तीस कशाचे, हे वाटून घेतलेलं आहे. २०२२-२३ च्या पाहणीत भाजी, फळं, तेल, मसाले, अंडी-मांस-मासळी, चहापाणी यांचे सात दिवस. धान्य, डाळी, साखर, दूध यांचे तीस. कपडे, चपला, शिक्षण, मोठ्या वस्तू यांचं वर्ष. तेलाचं मला पटलं नाही. तेल आमच्याकडे महिन्याच्या वाणसामानात येतं. पण देशभरातल्या सगळ्या घरांना एकच फूटपट्टी लावायची, तर कुणाला तरी ती तोकडी पडणारच.

त्या पाहणीत देशभरातली २,६१,७४६ घरं निघाली होती. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २५ कोटी कुटुंबं होती, म्हणजे एकेका घरामागे ढोबळ मानानं हजार कुटुंबं तरी उभी. मी भाजीचे शंभर रुपये लपवले, ते हजार घरांचे लपवले.

या आकड्यांचं पुढे होतं काय? महागाईचा निर्देशांक काढताना कशाला किती वजन द्यायचं, ते यांतूनच ठरतं. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून जो निर्देशांक केला, त्यात खाण्यापिण्याचं वजन शंभरातलं जवळजवळ ४६ होतं, आणि ते आलं होतं २०११-१२ च्या घरखर्चाच्या पाहणीतून. महागाई भत्ता ज्यावरून ठरतो ते निर्देशांकही असल्याच घरखर्चाच्या पाहण्यांवर उभे असतात. शिवाय जर्मनीच्या अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये सांगितलेला नियम आहे की मिळकत वाढत जाते तसतसा खर्चातला पोटाचा वाटा घटत जातो. आपल्या खेड्यांत हा वाटा १९९९-२००० मध्ये ५९ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४७ टक्क्यांवर आला. शहरांत ४८ वरून ४० च्या आसपास. हे आकडे म्हणजे कुणीतरी दुपारची झोप मोडून दिलेली उत्तरंच की.

तेव्हा तुमचं घर निघालं तर आधी ओळखपत्र मागा, त्यात काही वावगं नाही. बँकेचा खातेक्रमांक किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी कुणी विचारला, तर मात्र दार लावून घ्या. खऱ्या पाहणीला त्यांचं काम नसतं. तुम्ही दिलेली माहिती संख्याशास्त्रीय कामापुरतीच वापरायची, असं २००८ चा कायदा सांगतो, त्यामुळे रेशनकार्डाची माझ्यासारखी धास्ती घेऊ नका. वाण्याची बिलं महिनाभर एका डब्यात टाकत जा. आणि गंमत म्हणून एक आठवडा वही घालून बघा. मी घातली. आधी आठवणीनं लिहिलं, मग रोजच्या रोज. दूध बरोबर निघालं, धान्य बरोबर निघालं. भाजी दीडशेच्या जागी दोनशे नव्वद. आणि 'बाहेरचं कुणी खात नाही' त्या सदरात तीनशे चाळीस रुपये!

ती मुलगी फेब्रुवारीत पुन्हा आली. त्या पाहणीत एकाच घरी तीन फेऱ्या होत्या. मी वही पुढे केली आणि मागचं सगळं कबूल करून टाकलं. ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, "वरच्यांना विचारून सांगते, काकू." तिसऱ्या फेरीला टिकाऊ वस्तूंची पाळी होती. मिक्सर गेल्या वर्षभरात घेतला की त्याआधी? हे म्हणाले वर्षाच्या आत, मी म्हटलं आधी. कडेवरचं रोप! शेवटी सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, धाकटीच्या डोहाळजेवणाला पुरण त्यावरच वाटलं होतं की." नातू तेव्हा सव्वा वर्षाचा होता. मिक्सर बाहेर गेला.