उंदराचा अल्झायमर आणि आपला

हडपसरमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या एका गटासमोर विस्मरणावर बोलायला गेले होते. बोलणं आटोपल्यावर एका आजोबांनी कापडी पिशवीतून दोन गोष्टी काढून टेबलावर ठेवल्या. घडीवर फाटत आलेलं वर्तमानपत्राचं कात्रण आणि अश्वगंधा चूर्णाची डबी. "मॅडम, उंदरांचा अल्झायमर बरा झाला असं यात छापलंय. मग हिला गुण का येत नाही?" पत्नीला ते सहा महिने रोज, एकही दिवस न चुकवता, कोमट दुधातून चूर्ण देत होते.

त्यांना जे सांगितलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण असा प्रश्न पडलेले ते एकटे नाहीत.

उंदराला मुळात अल्झायमर होतच नाही. त्याचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. तो कितीही म्हातारा झाला तरी त्याच्या मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाच्या गुठळ्या साचत नाहीत, कारण त्याच्या अमायलॉइडच्या साखळीतल्या तीन कड्या आपल्यापेक्षा वेगळ्या असतात आणि ती सहजी गोळा होत नाही. म्हणून शास्त्रज्ञ उंदरात माणसाचं जनुक घालतात. अशा गुठळ्या भरपूर प्रमाणात दाखवणारा पहिला उंदीर १९९५ साली जगापुढे आला. जनुक साधंसुधं नव्हतं. काही मोजक्या घराण्यांत ऐन चाळिशी-पन्नाशीत हा आजार होतो, त्या घराण्यांतला दोष त्यात होता. पुढे तर असे पाच दोष एकत्र घातलेली जात तयार झाली. तिच्या मेंदूत दुसऱ्या महिन्यापासूनच गुठळ्या दिसू लागतात. हे पाच दोष एकाच माणसात कधी एकत्र आढळलेले नाहीत. एकूण रुग्णांत अशा घराण्यांतले रुग्ण शंभरात एकही भरत नाहीत.

शिवाय यातल्या बहुतेक उंदरांत गुठळ्या होतात, पण माणसाच्या मेंदूत पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा जो गुंता होतो तो होत नाही, पेशीही त्या प्रमाणात मरत नाहीत. म्हणजे आजाराचा एक धागा सोडवून घेतलेला असतो. 'उंदरांचा अल्झायमर बरा झाला' असा मथळा दिसला की तो 'उंदरांच्या मेंदूतल्या गुठळ्या कमी झाल्या' असा वाचावा. दुसरं वाक्यही मोलाचं आहे, फक्त ते पहिलं नव्हे.

अश्वगंधाचं तसंच. बातमी खोटी नव्हती. हरयाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात हे काम झालं आणि २०१२ साली प्रसिद्ध झालं. जनुकबदल केलेल्या उंदरांना अश्वगंधाच्या मुळांचा अंशतः शुद्ध केलेला अर्क महिनाभर दिला. त्यांची वागणूक सुधारली, गुठळ्या घटल्या. मला यातलं सर्वात विलक्षण वाटतं ते हे की परिणाम थेट मेंदूवर नव्हता. यकृतात एक प्रथिन वाढलं आणि त्याने मेंदूतलं अमायलॉइड रक्तात ओढून घेतलं. फार सुंदर काम आहे. पण दुकानातलं चूर्ण म्हणजे तो अर्क नव्हे, आणि माणसाच्या अल्झायमरवरचं औषध म्हणून त्याला मान्यता नाही.

उंदीर विसरतो हे कळतं कसं? गोल हौदात पाणी भरून ते रंग घालून पांढुरकं करतात. पृष्ठभागाच्या जरा खाली, दिसणार नाही असा, एक छोटा ओटा असतो. उंदीर पोहत पोहत तो शोधतो. निरोगी उंदीर भिंतीवरच्या खुणा लक्षात ठेवून काही दिवसांत थेट तिकडे जायला शिकतो, आजारी उंदीर गोल गोल फिरत राहतो. याहून साधी कसोटी पिंजऱ्यातली. रात्री कापसाचा दाबलेला तुकडा टाकायचा. निरोगी उंदीर सकाळपर्यंत तो विंचरून उबदार घरटं करतो. आजारी उंदराचा तुकडा पुष्कळदा तसाच पडलेला असतो. स्वयंपाकाची तयारी अर्धी टाकून उठणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे ही दुसरी कसोटी माझ्या मनातून जात नाही.

त्याच सभेत मागच्या रांगेतल्या एक काकू हळूच म्हणाल्या, "आईला होता. मला होणारच ना?" हा गैरसमज सर्वात जास्त छळतो, आणि तो दूर करायलाही उंदरांचीच मदत झाली आहे. वर सांगितलेली दुर्मीळ घराणी सोडली, तर जनुक आजार देत नाही, धोका कमी-जास्त करतं. यातलं सर्वात महत्त्वाचं जनुक एपीओई. त्याचा या आजाराशी असलेला संबंध १९९३ मध्ये उजेडात आला. त्याचे दोन, तीन आणि चार असे तीन प्रकार आहेत, आणि आईकडून एक, वडिलांकडून एक अशा दोन प्रती आपल्याला मिळतात. युरोपीय वंशाच्या लोकांवरच्या अभ्यासांत चौथ्या प्रकाराच्या एका प्रतीने धोका साधारण तिप्पट झालेला दिसतो, दोन प्रतींनी आठ ते बारापट. तरीही हा प्रकार असलेले कितीतरी जण शेवटपर्यंत शाबूत राहतात, आणि नसलेल्यांनाही आजार होतो.

उंदराचं स्वतःचं हे जनुक काढून तिथे माणसाचा एकेक प्रकार बसवला, तेव्हा धोका म्हणजे नेमकं काय ते दिसू लागलं. नुसत्या चौथ्या प्रकाराने उंदीर आजारी पडत नाही. तो अमायलॉइडवाल्या किंवा टाऊवाल्या उंदरात आला की नुकसान वाढतं. २०१७ साली अमेरिकेत टाऊवाल्या उंदरांवर हे पाहिलं, तेव्हा चौथ्या प्रकाराचे मेंदू सर्वात जास्त आक्रसले होते आणि हे जनुकच नसलेले उंदीर पुष्कळ बचावले होते. काकूंना मी म्हटलं, तुमच्या आईकडून आली असेल तर सुकी काडी आली असेल, पेटलेली नव्हे.

'उंदरावर जमतं, माणसावर फसतं' हेही अर्धंच खरं. १९९९ मध्ये एका लसीने उंदरांतल्या गुठळ्या थोपवल्या. माणसांवर ती दिली तेव्हा सुमारे सहा टक्के जणांच्या मेंदूला सूज आली आणि २००२ मध्ये चाचणी थांबवावी लागली. पण त्याच वाटेने पुढे बाहेरून प्रतिपिंडं देण्याची कल्पना आली. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब त्यातलंच. दीड वर्षात त्याने सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. आजार थांबला नाही.

"हे उंदीर बाहेर सुटले तर?" असंही कुणीतरी विचारलंच. जनुक म्हणजे जंतू नव्हे, ते चावून किंवा स्पर्शाने लागत नाही. जनुकबदल केलेल्या प्राण्यांना १९८९ चे नियम लागू आहेत, आणि प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. पुण्यातच, पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत अशा उंदरांसाठी राष्ट्रीय सुविधा आहे. प्राण्यांचं माणसाच्या औषधातलं देणं हडपसरला नव्याने सांगायला नको. इथली सिरम इन्स्टिट्यूट १९६६ साली सुरू झाली, आणि धनुर्वातावरचं तिचं सुरुवातीचं औषध घोड्यांच्या रक्तातून येत होतं.

आजोबा सगळं ऐकत उभे होते. मी विचारलं, "वहिनींचं बी-१२ आणि थायरॉइड कधी तपासलंय?" या दोन्हींच्या कमतरतेनेही विस्मरण होतं आणि ते बरंच सुधारू शकतं. त्यांनी मान हलवली. तपासलं नव्हतं. कात्रणाच्या मागच्या कोऱ्या कडेवर त्यांनी दोन्ही नावं माझ्याकडून लिहून घेतली.