खुनाचा तपास आणि आपण

समजा, सापगावच्या भातसाकाठी एखादा मृतदेह आढळला. आपण काय करतो? सारा गाव लोटतो. कोणी अंगावर चादर घालतो, कोणी रक्त धुऊन काढतो. हेतू चांगला, पण पुरावा गेला! रक्ताचा डाग, केस, बोटांचे ठसे यांवरून प्रयोगशाळा माणूस ओळखू शकते. पण ते जागेवर राहिले तरच.

उशीरही असाच नडतो. १९५६ च्या नोव्हेंबरात पुण्याची एक विधवा आपल्या डॉक्टराबरोबर रेल्वेने मुंबईस निघाली. बेशुद्धावस्थेत ती इस्पितळात पोचली नि वारली. शवविच्छेदन दहा दिवसांनी झाले. रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. म्हणून डॉक्टर सुटला का? नाही. त्याने तिचा मृत्यू लपवला, मालमत्ता बळकावली. या परिस्थितिजन्य पुराव्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली त्याची फाशी कायम केली. विष सापडले नाही म्हणजे दिलेच नाही, असे नव्हे. मात्र दर वेळी इतके दुवे हाती लागतीलच असे नाही.

तेव्हा मंडळी, धुगधुगी असेल तर आधी दवाखाना गाठा. नसेल तर पोलीस पाटलाला कळवा, गर्दी दूर ठेवा आणि कशालाही हात लावू नका. विज्ञानाचे काम त्यापुढचे.