गाईला जमतं, मांजराला नाही

कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरम् गावातलं धेनुपुरीश्वराचं देऊळ गाईचं. कामधेनूची मुलगी पट्टी हिनं इथं शंकराची पूजा केली, अशी स्थलकथा. गाय चारा खाते, आणि चाऱ्यासोबत वनस्पतींची बरीच विषंही. तिचं यकृत ती विषं ग्लुकुरॉनिक आम्लाला जोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. देवळामागच्या गल्लीतल्या मांजराला मात्र हे काम धड जमत नाही. त्याच्या पूर्वजांनी मांसच खाल्लं. या कामाचं यूजीटी1ए6 हे जनुक निकामी झालं तरी काही अडलं नाही. सिंह आणि चित्ता यांचीही तीच गत.

अडतं ते पॅरासिटामॉलपाशी. मांजर कणकणतंय म्हणून दुधातून अर्धी गोळी दिली जाते, मायेनंच. चार किलोच्या मांजराला 500 मिलिग्रॅमची एक गोळी जीवघेणी ठरू शकते, अर्धीही विषारीच. आपलं यकृत जे औषध सहज निकालात काढतं, त्याचं मांजराच्या अंगात जहाल विष होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनवर उठतं. रक्त वाहतं, पण त्यातून प्राणवायू पोचत नाही. काही तासांत गुलाबी हिरड्या तपकिरी दिसू लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. वेळेत पोचलात तर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. माणसांनाही तोच देतात.

कुत्र्याचं दुखणं वेगळं. त्याला चवीचं भान नाही, गोळ्यांचं पाकीटच चावून फोडतो. आयबुप्रोफेननं जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं बसतात. आजोबांच्या मधुमेहाच्या काही गोळ्या तर त्याची साखर धोकादायक पातळीवर उतरवतात.

आणि गाईला जमतं म्हणून तिलाही मनानं औषध नको. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांची कलेवरं खाऊन गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली.

गोळी पोटात गेलीच, तर मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. त्या मिठानं आणखी घात होतो. दुधानंही विष उतरत नाही. लक्षणांची वाट न बघता जवळचा पशुवैद्य गाठा. मुंबईत परळला, पट्टीश्वरमच्या तंजावर जिल्ह्यात ओरतनाडूला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. निघताना फाटलेलं पाकीट सोबत घ्या आणि किती गोळ्या उरल्यात ते मोजून सांगा.