ठाण्याला जाईल, परत येईल का?

पावसात मानकोली ते माजिवडा रस्ता तुंबला, की गोदामातली पोरं हमखास विचारतात, “दादा, ते माणूस नेणारं ड्रोन कधी येणार?” भिवंडीजवळच्या पूर्णा-काल्हेरच्या गोदामांत मी फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या सांभाळतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. तो योग्य ठिकाणीच येतो, कारण सगळं घोडं बॅटरीपाशीच अडतं.

असं ड्रोन आपल्याकडे बनलेलं आहे. पुण्याच्या सागर डिफेन्स इंजिनिअरिंगनं नौदलासाठी तयार केलेलं ‘वरुण’ जुलै २०२२ मध्ये दिल्लीत पंतप्रधानांना दाखवलं गेलं. वैमानिक लागत नाही, १३० किलो वजन उचलतं आणि एका चार्जिंगमध्ये सुमारे २५ किलोमीटर जातं. भिवंडीहून ठाणे स्टेशन सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर. म्हणजे जाणं जमेल, पण तिथं चार्ज केल्याशिवाय येणं नाही. चीनमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी प्रमाणपत्र मिळालेलं दोन आसनी ‘ईहँग २१६-एस’सुद्धा ३० किलोमीटरच्या आसपासच थांबतं.

असं का, ते फोर्कलिफ्टकडे बघून कळतं. तिची बॅटरी मागच्या बाजूला असते आणि तिचं वजन आम्हाला हवंच असतं. पुढे काट्यावर दीड टनाचा माल चढला, की ते वजनच गाडी उलटू देत नाही. हवेत मात्र तेच वजन वैरी होतं. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, तर एक किलो चांगल्या लिथियम सेलमध्ये जेमतेम पाव युनिट. इंजिन त्यातलं बरंचसं उष्णतेत घालवतं, तरी तफावत प्रचंड उरते. शिवाय पेट्रोल जळेल तसं विमान हलकं होतं. बॅटरी रिकामी झाली तरी वजन तेवढंच!

दुसरी अडचण थांबण्याची. सिग्नलला इलेक्ट्रिक स्कूटर उभी राहिली, की मोटर जवळजवळ काहीच खात नाही. ड्रोनला नुसतं हवेत उभं राहायलाही सगळे पंखे जोरात फिरवत ठेवावे लागतात. उतरायची जागा अडलेली असेल, तर मिनिटागणिक चार्ज संपत जातो. म्हणून काही चार्ज कायम राखीव ठेवावा लागतो आणि कागदावरचा पल्ला तिथंच आखडतो.

आणि उतरणार कुठं? आमच्या गोदामांची छपरं पत्र्याची आहेत. त्यात तालुक्यातच पडघा आहे. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर धावत आलेली ५०० किलोव्होल्टची लाइन तिथं संपते आणि तिथून पुढे मनोरेच मनोरे. खालून उडणाऱ्या यंत्राला या तारा चुकवाव्याच लागतील, जुलैच्या धारांत आणि वाऱ्यातसुद्धा.

२०२१ च्या ड्रोन नियमांनी ५०० किलोपर्यंतची यंत्रं कक्षेत घेतली, ते चांगलंच झालं. तरी रोज कामावर जायला हे वाहन मला पटत नाही. एकेका माणसासाठी एवढी वीज आणि एवढं आकाश कुठून आणायचं? आमच्यासाठी मेट्रो लवकर सुरू होणं जास्त मोलाचं आहे.

रुग्णासाठी मात्र मी आग्रहानं मागेन. नौदलानंही जखमींना हलवण्याचा उपयोग डोळ्यांपुढे ठेवलाच होता. भिवंडीच्या रुग्णालयातून निघालं, तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ‘वरुण’च्या एका फेरीत बसतं. पण ६५ किलोचा रुग्ण, स्ट्रेचर आणि ऑक्सिजनचा सिलिंडर धरला, तर १३० किलोत सोबतच्या नर्सला जागा राहत नाही. आधी ते वजन वाढायला हवं आणि दोन्ही रुग्णालयांजवळ तारांपासून लांब असा मोकळा चौथरा राखायला हवा. चौथऱ्याचं काम तर आजही सुरू करता येईल.