ऑटोफोकस कॅमेऱ्यांचा वाढता आकार : कारणे आणि उपयोजन

प्रस्तावना :
हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील मंदिराच्या बाह्य भिंती शिल्पांनी समृद्ध आहेत. महाविद्यालयातर्फे अशा शिल्पांची छायाचित्र-नोंद करावयाची झाल्यास प्रथम प्रश्न येतो तो कॅमेऱ्याचा. मोठा कॅमेरा म्हणजे उत्तम चित्र, असा सर्वसाधारण समज आहे. ऑटोफोकस कॅमेरे हस्तचलित कॅमेऱ्यांहून मोठे का झाले, याचा विचार करून तो समज प्रस्तुत लेखात तपासला आहे.

कारणमीमांसा :
हस्तचलित कॅमेऱ्यात स्पष्टता जोखण्याचे काम डोळा करतो आणि भिंग फिरविण्याचे काम बोटे करतात. १९८५ मध्ये आलेल्या मिनोल्टा ७००० ने ही दोन्ही कामे यंत्राकडे सोपविली. अशा कॅमेऱ्यांत मुख्य आरसा अंशतः पारदर्शक करून त्यामागे दुय्यम आरसा व तळाशी संवेदक बसवावा लागतो. त्याशिवाय मोटर, इलेक्ट्रॉनिक मंडल आणि या सर्वांना पुरेल एवढी बॅटरी यांनाही जागा लागते. फिल्म पुढे सरकविणारी मोटरही कॅमेऱ्यातच सामावली गेली. प्लास्टिकच्या वापरामुळे वजन दर वेळी वाढलेच असे नाही. आकारमान मात्र वाढले.

१९८७ मध्ये कॅननने ईओएस प्रणालीत मोटर थेट भिंगाच्या नळीत बसविली. त्यामुळे काचांभोवती यंत्रणेचे आणखी एक वलय आले. कॅननचे ५० मि.मी. एफ/१.४ हे हस्तचलित भिंग सुमारे २३५ ग्रॅमचे होते. त्याच मापाचे १९९३ चे ऑटोफोकस भिंग सुमारे २९० ग्रॅमचे झाले. पुढे आरसाविरहित कॅमेरे आले व कॅमेऱ्याची जाडी घटली; तथापि मोटर आणि अधिक काचा यांमुळे अनेक भिंगे मोठीच राहिली.

समारोप :
सारांश, ऑटोफोकसमुळे वाढलेला आकार ही चित्राच्या दर्जाची खूण नसून वेगाची किंमत आहे. धावणारा खेळाडू वा उडणारा पक्षी टिपताना ती किंमत सार्थ ठरते. पाषाणशिल्प मात्र हलत नाही. तेथे तिपाई, तिरपा प्रकाश आणि सावकाश, हाताने साधलेली स्पष्टता पुरेशी होते. विभागाच्या कपाटातील जुने भिंगही योग्य जोडकड्याच्या साहाय्याने बहुतेक आरसाविरहित कॅमेऱ्यांवर वापरता येते. ऊन-पावसाने होणारी शिल्पांची झीज अनुदानासाठी थांबत नाही. म्हणून मोठ्या कॅमेऱ्याच्या प्रतीक्षेत नोंदीचे काम लांबविणे समर्थनीय ठरत नाही.